आत्या का रडली नाही, हा अभ्यासाचाच विषय आहे

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी बारावी विज्ञान शाखेत ८४ टक्के गुण मिळवून उत्तीर्ण झाली असून नीटमध्ये तिला ७२० पैकी ४१२ गुण आहेत. एक वर्ष लातूरला ठेवून तिला पुन्हा परीक्षेला बसवावे, असे आम्ही ठरवले आहे. ती मात्र मानसशास्त्र आणि समाज यांचा अभ्यास करायचा म्हणते. फेब्रुवारीत माझी आई वारली, तेव्हापासून हे सुरू झाले. दिवसकार्य उरकल्यावर तिने सर्वांसमोर विचारले, "आई चार वर्षे आजीशी धड बोलत नव्हती, तरी ती मोठ्याने रडली म्हणून सगळ्यांनी तिचे कौतुक केले. आत्याने आजीचे सगळे केले, पण ती रडली नाही म्हणून बायका तिला दगडाच्या काळजाची म्हणाल्या. आणि बाबा, तुम्हीही रडला नाहीत, मग तुम्हाला कोणी का बोलले नाही?" मी तर त्या दिवसांत सगळ्या व्यवस्थेत होतो. मी तिला गप्प बसवले. मन सगळ्यांचे सारखेच असते, त्याचा वेगळा अभ्यास काय करायचा? शिवाय ती फार भावनिक आहे. आमच्या समाजात आम्ही काय सांगायचे? तिला समजेल असे मार्गदर्शन करावे. (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर : सप्रेम नमस्कार. आईच्या निधनाबद्दल मनापासून सहवेदना. तिला समजेल असे लिहा, अशी तुमची विनंती आहे. परंतु हे उत्तर मी तुम्हाला उद्देशून लिहीत आहे, कारण पत्रातील ज्या गोष्टीने मला अस्वस्थ केले ती मुलीच्या गुणांत किंवा तिच्या आवडीत नाही. ती "मी तिला गप्प बसवले" या चार शब्दांत आहे. नीटचे गुण, लातूरचा खर्च, वसतिगृह यांविषयी तुम्ही दीड पान लिहिले आहे आणि मुलीच्या त्या प्रश्नाविषयी पाच-सहा ओळी; तरीही संपूर्ण पत्रातील अस्वस्थता त्या पाच-सहा ओळींत साठलेली आहे. अठरा वर्षांच्या मुलीने आपल्या आजीच्या मृत्यूनंतर घरातील तीन माणसांचे वागणे शेजारीशेजारी ठेवून पाहिले आणि त्यांतील फरकाचे कारण विचारले. अशी तुलना करता येणे ही अभ्यासकाची पहिली खूण आहे, आणि तुम्ही ती भावनिकपणाचा पुरावा म्हणून मला कळवली आहे.

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी मोठमोठ्या विद्वानांनी विचारलेला आहे. फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ साली असे मांडले की शोक हा केवळ दुखावलेल्या मनाचा उद्रेक नसून समूहाने आपल्या घटकांवर सोपवलेले ते एक कर्तव्यही असते. त्यांचे भाचे मार्सेल मॉस यांनी १९२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या अंत्यविधींचा आधार घेऊन भावना व्यक्त करण्याच्या सक्तीवर एक स्वतंत्र निबंधच लिहिला. आपल्याच अंदमानात १९०६ ते १९०८ या काळात राहिलेले ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन यांनी तर असे नोंदवले की तेथील लोक मृत्यूच्या वेळी रडतातच, पण दीर्घ काळानंतर भेटलेले स्नेहीही एकमेकांना मिठी मारून रडतात. लग्नात रडतात, भांडण मिटवताना रडतात. हे कसे करता, ते दाखवा, असे त्यांनी सांगितल्यावर दोघेतिघे खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून खरोखरचे अश्रू वाहू लागले. ते अश्रू खोटे नव्हते, हाच या नोंदीतील महत्त्वाचा भाग आहे. रीत माणसाला रडायला लावते आणि रडता रडता माणसाला दुःख खरोखर होते. नियम आणि जिव्हाळा एकाच अश्रूत असू शकतात.

आता तुमच्या घराकडे पाहा. सांत्वनाला आलेल्या बायका गळ्यात पडतात तेव्हा सुनेने मोठ्याने रडावे, हे आपल्याकडे न सांगता ठरलेले असते, कारण सून दुसऱ्या घरातून आलेली असते आणि ती या घरची झाली की नाही, याची परीक्षा अशाच दिवशी होते. तुमच्या पत्नीचे रडणे दिखाऊ होते, असे मी मुळीच म्हणत नाही. चार वर्षांचा अबोला मनात घेऊन रडणाऱ्या माणसाचे दुःख कदाचित अधिक गुंतागुंतीचे असते. लेकीने रडावे ही अपेक्षा तर त्याहून मोठी, म्हणूनच तुमच्या बहिणीला बोल लागला. आईची उस्तवार करताना तिने महिनोन् महिने रात्री काढल्या, तेव्हा तिचे रडणे कदाचित तेथेच होऊन गेले असेल. परंतु ते पाहायला त्या वेळी कोणी बसलेले नव्हते. आणि तुम्ही? सरण, भटजी, पाहुण्यांना फोन, रक्षा सावडण्याची तयारी, दहाव्याचे जेवण हे सर्व तुमच्याकडे होते. मुलाचा शोक कामातून दिसावा, अशी आपली रीत आहे, म्हणून तुम्हाला कोणी बोलले नाही. पण त्याच रीतीमुळे तुम्हाला रडायला जागाही मिळाली नाही. मुलीचा प्रश्न तुम्हाला आरोपासारखा लागला असावा. मला तो तसा वाटत नाही. त्या घरात तुमच्या दुःखाची चौकशी करणारी ती एकटीच होती, असे मला हे पत्र तिसऱ्यांदा वाचताना वाटले.

भावनेला समाज जागा नेमून देतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना चांगले ठाऊक होते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. सासरचा जाच, भावाची वाट पाहणे, लेकीच्या जन्माचे दुःख हे सर्व चारचौघांत बोलण्याची सोय नसलेल्या बायका पहाटेच्या अंधारात, जात्याच्या घरघरीत ते गाऊन मोकळ्या होत असत. घरात जाते राहिले नाही तेव्हा हे बोलणे कोठे गेले, असा प्रश्न तुमच्या मुलीने उद्या विचारला तर त्यावर एक चांगला प्रबंध होऊ शकेल.

तुमच्या पत्रातील एका समजुतीचे निरसन मात्र सविस्तर करायला हवे. मन सगळ्यांचे सारखेच असते, असे तुम्ही लिहिले आहे. गंमत म्हणून नव्हे, तर गंभीरपणे सांगतो की मानसशास्त्राने स्वतःही दीर्घ काळ हेच गृहीत धरले होते आणि त्याची किंमत मोजली. २०१० साली जोसेफ हेन्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निदर्शनास आणून दिले की मानसशास्त्रीय संशोधनात तपासलेल्या माणसांपैकी सुमारे ९६ टक्के माणसे अशा देशांतील होती, ज्यांत जगाची केवळ १२ टक्के लोकसंख्या राहते. म्हणजे बहुतांशी पाश्चात्त्य विद्यार्थ्यांना तपासायचे आणि निष्कर्ष अखिल मानवजातीचा म्हणून मांडायचा, असे चालले होते. जोन मिलर या संशोधिकेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिकागो आणि म्हैसूर येथील लोकांना ओळखीच्या माणसाने केलेले एखादे चांगले आणि एखादे वाईट कृत्य सांगून त्याचे कारण द्यायला सांगितले होते. शिकागोतील प्रौढ बहुधा त्या माणसाच्या स्वभावाकडे बोट दाखवत, तर म्हैसूरमधील प्रौढ त्याची परिस्थिती, नाती आणि जबाबदाऱ्या सांगत. आठ वर्षांच्या मुलांमध्ये हा फरक जवळजवळ नव्हता. तो वयाबरोबर वाढत गेला. दुसऱ्या माणसाकडे कसे पाहायचे, हेही आपण आपल्या माणसांत राहून शिकतो, ही गोष्ट याहून स्वच्छ रीतीने दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही.

आजाराची भाषाही अशीच शिकलेली असते. मी समुपदेशन केंद्रात काम करत असताना चाळिशीतील एका बाईंना इंग्रजीवरून मराठीत आणलेली प्रश्नावली भरायला दिली होती. "तुम्हाला उदास वाटते का?" या प्रश्नापुढे त्यांनी "नाही" वर खूण केली, पेन माझ्या हातात परत दिले आणि उठता उठता म्हणाल्या, "कशातच जीव लागत नाही बघा. अंगातलं त्राणच गेलंय, रात्री छातीवर कोणी बसल्यागत होतं." कागदाप्रमाणे त्या बाई ठणठणीत होत्या. चीनमधील हुनान प्रांतात अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी अशाच, अशक्तपणा, डोकेदुखी आणि झोप न लागणे यांसाठी मज्जादौर्बल्याचे, म्हणजे नसा थकल्याच्या आजाराचे, निदान झालेल्या शंभर रुग्णांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ८७ जणांना तीव्र नैराश्याचे निकष लागू पडले. त्यांचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. जीव लागणे, घालमेल होणे, हुरहूर लागणे, पाणउतारा होणे हे शब्द जिच्या कानावर लहानपणापासून पडले आहेत अशी मुलगी या क्षेत्रात आली, तर ती असे काही ऐकू शकेल जे भाषांतरित प्रश्नावलीला ऐकू येत नाही.

ती भावनिक आहे म्हणून हा विषय तिने घेऊ नये, हे तुमचे म्हणणे मला पटत नाही. आजी गेल्याच्या पंधरवड्यात जी मुलगी इतके नेमके निरीक्षण करते, ती भावनेच्या भरात वाहून जाणारी नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. दोन पानांच्या पत्रात "आम्ही" आणि "आमचे" हे शब्द ओळीओळीला आहेत. "मी" फक्त दोन ठिकाणी आहे, एकदा व्यवस्थेत होतो म्हणून आणि एकदा गप्प बसवले म्हणून. एकत्र कुटुंबात आणि दुकानदारीत आयुष्य गेलेल्या माणसाने असे लिहिणे स्वाभाविक आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. परंतु "आम्ही ठरवले आहे" असे तुम्ही लिहिता, तेव्हा त्या "आम्ही"मध्ये मुलगी आहे का, हे तपासून पाहा. "आमच्या समाजात काय सांगायचे" या प्रश्नाचे उत्तर एका वाक्याचे आहे, ते म्हणजे मुलगी मानसशास्त्र शिकते आहे. त्यापुढे चौकशी करणाऱ्यांसाठी तिच्या आयुष्यातील एक वर्ष खर्च करणे मला अन्यायाचे वाटते. नीट पुन्हा द्यायची असेल तर ती तिच्या इच्छेने द्यावी. इच्छा नसलेल्या मुलीला लातूरला पाठवू नका, इतकेच माझे स्पष्ट मत आहे.

आता तिच्या निवडीविषयी. येथे मी तिलाही थोडे थांबवणार आहे. मानसशास्त्र म्हटले की रुग्ण आणि समुपदेशन हेच चित्र डोळ्यांपुढे येते. परंतु तिने विचारलेला प्रश्न उपचाराचा नाही, तो मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि मानवशास्त्र यांच्या सीमेवरचा आहे. त्यामुळे केवळ "मानसशास्त्र आहे का" एवढे पाहून महाविद्यालय निवडू नये. बी.ए.ला मानसशास्त्रासोबत समाजशास्त्र घेता येईल आणि संख्याशास्त्र नीट शिकवले जाईल, अशी जागा शोधावी. विज्ञान शाखेतून आल्याचा तिला येथे फायदाच होईल. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा मानवशास्त्र विभाग, मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, आयआयटी गांधीनगरचा समाज आणि संस्कृती या विषयातील एम.ए. असे मार्ग आहेत. प्रवेशपरीक्षांची माहिती त्या त्या वर्षी संकेतस्थळावर पाहावी. उपचाराकडेच वळायचे ठरले तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचे प्रशिक्षण आणि नोंदणी घेतल्याशिवाय चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करता येत नाही, हे आत्ताच माहीत असलेले बरे.

अडचणीही लपवत नाही. या विषयातील बहुतेक वाचन इंग्रजीत आहे आणि पहिले वर्ष त्यामुळे जड जाते. स्थिर उत्पन्न डॉक्टरकीच्या मानाने उशिरा आणि कमी मिळते. आरोग्यविषयक संशोधन, स्वयंसेवी संस्था, शाळा, वापरकर्त्यांचा अभ्यास करणाऱ्या कंपन्या आणि अध्यापन येथे काम असते, पण ते शोधावे लागते. घरची आर्थिक निकड असेल तर ती तिच्यापासून लपवू नका, आकड्यांसह सांगा. गावोगाव फिरून माणसांची नाती अभ्यासणे हे काही नवे खूळ नाही. इरावती कर्वे यांनी १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून हेच काम केले आणि भारतातील नातेसंबंधांच्या रचनेवरील त्यांचा १९५३ मधील ग्रंथ आजही अभ्यासला जातो.

प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी एक काम तिला द्या. तिने आत्याकडे चार दिवस राहायला जावे आणि आजीच्या शेवटच्या महिन्यांविषयी तिला बोलते करावे. मध्ये न बोलता ऐकावे आणि रात्री आत्याच्याच शब्दांत लिहून काढावे. असे पंधरावीस पानांचे लेखन तिला कंटाळवाणे वाटले, तर हा विषय तिचा नाही, हे तिला स्वतःलाच कळेल. तसे न होता ती आणखी प्रश्न घेऊन परतली, तर वही मला पाठवा. कोणत्या महाविद्यालयात जावे, हे मी त्यानंतर सांगेन. ती तुमच्या बहिणीकडे जाण्यापूर्वी एका संध्याकाळी दुकान थोडे लवकर बंद करा आणि तिने तुम्हाला विचारलेल्या प्रश्नाचे तुमच्यापुरते उत्तर तिला द्या. त्या वहीचे पहिले पान तुमचे असावे.