शेडमध्ये कार स्टिरिओ चालवायला कोणता पॉवर सप्लाय लागेल?

शेडमध्ये वीज आहे आणि राउटरच्या १२ व्होल्ट अडॅप्टरवर स्टिरिओ सुरू होतो, पण आवाज वाढवला की बंद पडतो, असं तुम्ही लिहिलंय. व्होल्टेज बरोबर आहे, अँपिअर कमी पडतात. तो अडॅप्टर जेमतेम १-२ अँपिअरचा असतो. एलईडी पट्ट्यांसाठी मिळतो तो १२ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा पॉवर सप्लाय) घ्या.

आता वायरिंग, कारण बहुतेक जण इथेच अडकतात. स्टिरिओच्या मागे साधारणपणे पिवळी वायर मेमरीची (सेटिंग टिकवायला कायम वीज देणारी), लाल चावीची (गाडीची चावी फिरवल्यावर वीज देणारी) आणि काळी निगेटिव्ह असते. पिवळी आणि लाल एकत्र पिळून प्लसला जोडा, काळी मायनसला. फक्त पिवळी जोडली तर स्टिरिओ सुरूच होणार नाही. रंगांवर डोळे झाकून विश्वास नको, वरच्या स्टिकरवरचा नकाशा आधी पाहा. स्पीकरच्या मायनस वायरी मात्र काळ्या वायरीला कधीच जोडू नका, आतला अँप्लिफायर जळतो.

एसएमपीएसच्या पट्टीवर २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. शेडमध्ये ओल असते, मुलं येतात. तो झाकणाच्या डब्यात बसवा, हवेला भोकं ठेवा आणि अर्थिंग जोडाच. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

वीज सारखी जात असेल तर बॅटरी बरी. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी मध्यम आवाजात पाच-सहा तास सहज पुरते. प्लसच्या टोकाजवळच १० अँपिअरचा फ्यूज टाका.