डहाणू-बोर्डीची चिकूची वाइन म्हणजे नुसतं सरबत का? एका दिवसात तिथली वाइन आणि मासे चाखून होतात का?

तुमचा प्रश्न असा: मुंबईहून सकाळी निघून रात्री परत यायचंय, समुद्रकाठी तिथलीच वाइन आणि तिथलेच मासे चाखायचेत, डहाणू-बोर्डीला जावं का, की "चिकूची वाइन म्हणजे नुसतं सरबत" हे तुम्ही ऐकलेलं खरं आहे?

जा. जरूर जा. आणि सरबत हा शब्द तुम्ही लिहिलात म्हणून मी हे उत्तर लिहायला बसले, नाहीतर गाडीची वेळ सांगून गप्प बसले असते.

माझं माहेर घोलवडचं. बाबांची चिकूची लहानशी वाडी होती, साठेक झाडांची, सगळी काळीपत्ती जातीची. सासर दिंडोरीचं, तिथे द्राक्षं. धाकट्या दिरांनी खायची द्राक्षं काढून वाइनची लावली, एका वायनरीशी करार केला, आणि तेव्हापासून घरात वाइनबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. माणूस कष्टाचा आहे. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत रात्री-बेरात्री मळ्यात असतात, वेलीवर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग, दिसली की त्यांना जेवण जात नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांच्याविरुद्ध बरंच लिहिणार आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी, फेब्रुवारीच्या शेवटी, त्यांची काढणी आटोपल्यावर आम्ही सगळे एका दिवसासाठी घोलवडला गेलो. पहाटे चारला निघून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी करत नऊपर्यंत पोचलो. भाऊजींनी बर्फाच्या पेटीत शिराझच्या, म्हणजे लाल वाइनच्या, दोन बाटल्या घेतल्या होत्या. त्याच पेटीत जाऊबाईंनी न विचारता एक शेनिन ब्लाँ, ही पांढरी वाइन, सरकवली होती. समुद्रावर मासे खायचे तर आपली वाइन बरोबर हवीच, असं भाऊजींचं म्हणणं. माझं म्हणणं होतं की एक दिवस तिथे जे होतं तेच खाऊ-पिऊ. हा वाद गाडीतच सुरू झाला होता.

बाबा सकाळी सहापासून वाट बघत होते. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून शिंदीची ताडी आणवली होती. पहाटे उतरवलेला रस उन्हं चढायच्या आत प्यायचा असतो. तासातासाला तो आंबत जातो, दुपारी जिभेला चावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा शिरका होतो. आमच्या किनाऱ्यावरची जुनी वाइन म्हणाल तर ती हीच. कुणी यीस्ट घालत नाही, हवेतलं आणि मडक्यातलं यीस्टच काम करतं. भाऊजींनी घोटभर घेतली आणि ग्लास बाजूला ठेवला. बाबा काही बोलले नाहीत.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते, म्हणजे उधाण होतं, भरती-ओहोटी मोठी. सकाळच्या ओहोटीला शिंपल्या काढायला गेलेल्या बाया नऊच्या सुमारास परतत होत्या, त्यांच्याकडून आईने टोपलीभर घेतल्या. बोंबील मात्र दीड वाजता आले. आमच्याकडच्या खाड्यांत ओहोटीला नुसता गाळ उरतो, होडी आत येते ती भरतीबरोबर. शेजारच्या मांगेला, म्हणजे मच्छीमार समाजातल्या, मावशींनी बोंबील चिरून, पाट्याखाली दाबून, पाणी काढून तळले. शिंपल्यांचं सुकं केलं, चिंबोऱ्यांचं कालवण केलं. बाबांनी आदल्या दिवशी बोर्डीहून चिकूच्या वाइनच्या दोन बाटल्या आणून माठाच्या गार पाण्यात ठेवल्या होत्या. बोर्डीत चिकूपासून वाइन व्हायला लागली याचा त्यांना केवढा अभिमान होता, ते मी इथे लिहून तुम्हाला कळणार नाही.

भाऊजींनी सगळ्यांना शिराझ ओतली. शिंपल्यांचा घास आणि वर घोट. पहिल्यांदा जाऊबाईच बोलल्या, "तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय." सगळ्यांनाच तसं लागलं. भाऊजी म्हणाले, शिंपल्या शिळ्या आहेत. सकाळी वाळूतून काढलेल्या शिंपल्या! मावशी दारातच उभ्या होत्या.

हे असं का होतं ते मला फार उशिरा कळलं. २००९ साली जपानी संशोधकांनी सुकवलेल्या शिंपल्यांचं मांस वेगवेगळ्या वाइनमध्ये भिजवून बघितलं. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, तिच्यात तो उग्र, धातूसारखा वास जास्त. लोह बांधून टाकलं की वास कमी. लाल वाइनमध्ये लोह बऱ्याचदा जास्त असतं. म्हणजे दोष शिंपल्यांचा नव्हता आणि भाऊजींच्या द्राक्षांचाही नव्हता, दोष जोडीचा होता. मला तेव्हा हे ठाऊक असतं तर मावशींसमोर बोलता आलं असतं.

मग जाऊबाईंनी शेनिन उघडली. तळलेल्या बोंबलाबरोबर ती इतकी छान लागली की दोन मिनिटं कुणी बोललं नाही. हे मी माहेरची असूनही लिहिते. वाइनचा आंबटपणा तळणीचं तेल कापून काढतो. आणि मी हेही लिहिते की त्याच बोंबलाबरोबर चिकूची वाइन मला जड झाली, गोड वाटली. पण चिंबोरीचं कालवण आलं, लाल तिखट, लसणाची फोडणी, आणि तिथे शेनिनने हात टेकले. तिखटावर आंबट आणि कडक काही घेतलं की जाळ वाढतो. गार आणि किंचित गोड घेतलं की जाळ बसतो आणि मागे खेकड्याची गोडी उरते. चिकूच्या वाइनने नेमकं तेच केलं. माझ्या नवऱ्याने दोनदा मागून घेतली.

भाऊजींनी एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि म्हणाले, "वहिनी, ही वाइन नाही. सरबत आहे." बाबा ताटावरून उठले, हात धुतला आणि वाडीत गेले. संध्याकाळी आम्ही निघेपर्यंत ते तिकडेच होते.

बाबांना का लागलं ते चिकूवाल्यांनाच कळेल. चिकू झाडावरून कडक उतरवतात, तसाच खोक्यांत भरून लांबच्या बाजाराला जातो. चार-सहा दिवसांत पिकतो, आणि पिकला की त्याला कुणी विचारत नाही. गाडी चुकली, भाव पडला, पावसाळ्यात फळगळ झाली, की बाबा पिकलेल्या फळांचे ढीग झाडाच्या बुंध्याशी ओतून यायचे. तेच फळ सगळ्यांत गोड असतं. वाइनला तेच लागतं. आयुष्यभर फेकलेल्या मालाला शेवटी गिऱ्हाईक मिळालं, आणि त्याच आठवड्यात घरच्या पाहुण्याने त्याला सरबत म्हटलं.

भाऊजींचं म्हणणं आजही हेच आहे की वाइन द्राक्षाचीच. युरोपच्या कायद्यात नुसतं 'वाइन' म्हटलं की द्राक्षाचीच, हे खरं. पण आपण युरोपात राहत नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली मद्यांची मानकं ठरवली, त्यांत इतर फळांच्या वाइनला जागा आहे. फळातली साखर यीस्टने खाऊन तिचं मद्य केलं की झाली वाइन. सरबतात साखर पाण्यात ढवळतात, तिथे काहीच आंबत नाही. उलट चिकूची वाइन करणं कठीण काम आहे. चिकूत स्वतःचा आंबटपणा जवळजवळ नसतो, तो बाहेरून आणून तोल साधावा लागतो; गर दाट, चिकट, गाळताना जीव जातो.

आणि 'तिथलं' म्हणजे काय, यावर भाऊजी म्हणतात की चिकू तरी तुमचा कुठे, तो मध्य अमेरिकेतून आला. आला, मान्य. पण शेनिन लुआर नदीच्या काठची आणि शिराझ ऱ्होनच्या खोऱ्यातली. झाड कुठून आलं यापेक्षा ते कुठे रुजलं हे मी बघते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. किनाऱ्याच्या दमट हवेत द्राक्षाला भुरी आणि केवडा हे रोग जगू देत नाहीत, हे तर भाऊजीच शिकवतात. तेव्हा कोकणपट्टीत समुद्राकाठी द्राक्षमळे असलेली वायनरी शोधत फिरू नका. किनाऱ्यावरचं 'तिथलं' म्हणजे चिकू आणि ताडी.

आता तुमच्या कामाचं. तारखेपेक्षा तिथी बघून जा. आमच्याकडचे बोंबील डोळ जाळ्यात मिळतात. ते जाळं प्रवाहात रोवून ठेवतात आणि पाणीच मासळी आत घालतं. त्यामुळे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास, उधाणाला, मासळी भरपूर. अष्टमी-नवमीला, भांगेला, म्हणजे भरती-ओहोटी लहान असताना, थोडकी. शिवाय उधाणाच्या दिवसांत दुपारी बारा-दीडला भरती आणि संध्याकाळी ओहोटी, म्हणजे जेवणाला ताजी मासळी आणि सूर्यास्ताला बोर्डीचा अख्खा किनारा चालायला मोकळा. चर्चगेट किंवा विरारहून डहाणूची लोकल पकडा, तिथून रिक्षाने नरपड, चिखले, घोलवड करत किनाऱ्याच्या रस्त्याने बोर्डी. गाडीने आलात तर चारोटीला महामार्ग सोडायचा.

जेवणाआधी चाखायला बसू नका, रिकाम्या पोटी गोड वाइन डोक्यात जाते. आधी तळलेलं खा, मग तिखट, आणि चिकूची वाइन तिखटाच्या वेळी काढा, चांगली गार करून. घरगुती खाणावळीला आदल्या दिवशी फोन करून "उद्या जे मिळेल ते करा" एवढंच सांगा. पापलेटच हवं असा हट्ट धरू नका. २०२३ साली त्याला राज्यमासा केलं, पण तळहाताएवढी पिल्लं अजून ताटात येतात; ती कुणी ताटात वाढली तर परत करा. बोंबील, बोय, शिंपल्या, चिंबोऱ्या यांत आमचा किनारा आहे. वायनरी आत जाऊन बघायची असेल तर आधी विचारूनच जा. आयत्या वेळी दार उघडेलच असं नाही.

जून-जुलैत येऊ नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, ताटात बर्फातली मासळी येईल. ड्राय डे बघून घ्या. महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो, तो लोक काढत नाहीत, तुम्ही काढा. आणि बाटली घेऊन उत्तरेकडे चुकूनही जाऊ नका. बोर्डीपुढे झाई, आणि झाईपुढे गुजरात, तिथे दारूबंदी. दोन्हीकडे मुळात १९४९ चा एकच मुंबई दारूबंदी कायदा, १९६० ला राज्यं वेगळी झाल्यावर एकाने परवाने दिले, दुसऱ्याने बंदी ठेवली. गुजरातेतल्या उदवाड्याला जायचा विचार असेल तर बाटली मागे ठेवून जा. चालवणाऱ्याने एक थेंबही घ्यायचा नाही. जव्हारचा घाट असो की महामार्ग, यात चर्चा नाही.

ताडीबद्दल मी वर प्रेमाने लिहिलंय, पण ती रस्त्यावर दिसली म्हणून पिऊ नका. पावडरी घालून केलेली भेसळीची ताडी माणूस मारते. परवाना असलेल्या केंद्रातली घ्या, सकाळीच घ्या, नाहीतर सोडून द्या.

नाशिकची वाइन बरोबर न्यायची का, असं कुणीतरी विचारेलच. पांढरी न्या, बोंबलाला ती हवी, एवढं मी भाऊजींना देते. लाल घरी ठेवा. शिंपल्यांना शिळ्या म्हटल्याबद्दल मात्र त्यांनी मावशींची क्षमा अजून मागितलेली नाही. बाबा आता नाहीत, मावशी आहेत, आणि भाऊजी माझी उत्तरं वाचतात.

निघताना घोलवडच्या रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बाया बसलेल्या असतात. सगळे कडक चिकू निवडतात, तुम्ही पिकलेले घ्या, आजच्या आज खायचे. डिकीत चेंगरतात, मांडीवर घेऊन बसा.