माळेगावच्या यात्रेत जनावरांचा बाजार कसा रुजला, आणि आता तो रोडावला का?

तिथीकडे बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. खंडोबाचं हे माळेगाव नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात. यात्रा भरते मार्गशीर्ष वद्यात, ‘वेळ अमावस्या’ म्हणतात त्या मार्गशीर्ष अमावस्येच्या तोंडावर. तोवर खरिपाचा माल विकून हातात पैसा आलेला असतो, रब्बीची पेरणी उरकलेली असते आणि बैलं रिकामी असतात. आता घेतलेला खोंड कामाला शिकवायला मृगापर्यंत पाचेक महिने मिळतात. त्यात देवाची तिथी ठरलेली, कुणाला निरोप धाडायला नको. म्हणून लाल कंधारी, देवणी या इकडच्या जातींच्या गाई-बैलांबरोबर घोडे, गाढवं, उंटही इथे येऊ लागले. भटक्या समाजांच्या जातपंचायतीही इथेच बसत.

सौदा रुमालाखाली व्हायचा. हजार की शेकडा हे तोंडाने बोलायचं, आकडा मात्र बोटं दाबून सांगायचा; भोवतीच्या बघ्यांना भाव कळत नाही, त्यामुळे सौदा मोडला तरी पुढच्या गिऱ्हाइकापुढे पडलेली किंमत उघडी होत नाही. वय बघायचं खालच्या जबड्यात, कारण वर पुढचे दात नसतातच. सगळे दुधाचे तो आदत, दोन पक्के आले की दुसा (साधारण अडीच वर्षं), मग चौसा, सहादाती, आणि आठही पक्के आलेला, पाचेक वर्षांचा तो जुळलेला. म्हातारा बैल शिंगं तासून, तेल लावून तरणा दिसतो; त्याचा खांदा दाबून बघा आणि कठीण जमिनीवर चालवा, लंगड लपत नाही.

रोडावण्याला नुसता ट्रॅक्टर कारण नाही. पूर्वी थकलेली जोडी विकून, वर थोडे पैसे घालून नवी घेत. 2015 च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली, थकल्या बैलाची किंमत गेली आणि हे चक्रच थांबलं. माझ्या मते खरा घाव हा. पुढे कोरोना, मग 2022 मध्ये लम्पी या जनावरांच्या त्वचारोगामुळे बंद राहिलेले बाजार. डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली खरी, पण शर्यतीचा बैल म्हणजे मुख्यतः खिल्लार जातीचा. ती तेजी सांगली-सोलापुरातल्या खरसुंडी-सांगोल्याच्या बाजारांकडची, ओढकामाच्या लाल कंधारीला तिचा फारसा उपयोग नाही.

खरेदीला जाणार असाल तर कानातला 12 अंकी बिल्ला आधी बघा. बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि वाटेत गाडी अडवली तर पावतीसोबत तोच नंबर विचारतात.