दगडी पाला आणि सीताअशोक

सीताअशोक लावतोयस, फार बरं वाटलं. पण आधी पांडवलेणीच्या पायथ्याचं दगडी पाला हे तण बघून ये. मूळचा अमेरिकेचा, तरी मुरमातही पसरतो, वर्षभर फुलतो, केसाळ बी वाऱ्यावर उडतं. त्याला आपली गरज नाही. सीताअशोकाला आहे. सालीसाठी इतका सोलला गेला, की आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो आज 'असुरक्षित' आहे. बी जड, ताजं पेरलं तरच रुजतं. रोपाला सावली आणि ओल हवीच, नाशिकचा वैशाख त्याला उघड्यावर सोसणार नाही. आणि हो, नर्सरीत नुसतं 'अशोक' मागू नकोस, उंच सरळसोट खोटा अशोक हातात देतात! त्याचं पान एकेरी, लहरी कडांचं. खऱ्याचं संयुक्त, पर्णिकांच्या जोड्यांचं. पान नीट बघूनच रोप घे.