इंजिनिअरिंग कॉलेजात शाश्वतता कशी शिकवावी? नवा पेपर नको, आहे त्या गणितांत नागपूर आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नागपूरच्या एका कॉलेजात सिव्हिल शिकवता, पर्यावरणाचा पेपर मुलं आदल्या रात्री गाईड वाचून काढतात, पाच जूनला रोपं लावून फोटो निघतात, याच्या पुढे जाऊन शाश्वतता वर्गात आणि कॉलेजशेजारच्या वस्तीत आणता येईल का, आणि सुरुवात कुठून करावी?

येईल. मी याच शहरात बरीच वर्षं मेकॅनिकलच्या मुलांना शिकवतो आहे आणि माझं मत आता पक्कं झालंय, की त्यासाठी वेगळा विषय मागायचा नाही. जे विषय आज शिकवतोय त्यांतली गणितं आपल्या गावची करायची, आणि उत्तर ज्याच्या घरातलं आहे त्याच्याकडे घेऊन जायचं. हा दुसरा भाग राहून गेला की पहिला नुसता अभ्यास उरतो.

वेगळ्या पेपरची कथा तुम्हाला ठाऊकच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच शिक्षणाच्या सगळ्या टप्प्यांवर पर्यावरण सक्तीचं करायला सांगितलं होतं. तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद एआयसीटीई, तिच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात तो विषय आला, पण बिनक्रेडिटचा, म्हणजे पदवीच्या हिशेबात न धरला जाणारा. ज्याला क्रेडिट नाही तो मुलांच्या लेखी विषयच नाही, आणि त्यात मुलांचा दोष नाही. खरं नुकसान मात्र वेगळं आहे. पर्यावरणाच्या पेपरात हवामानबदलावर दोन पानं लिहिणारा मुलगा मशीन डिझाइनच्या तासाला गरजेपेक्षा दीडपट मोठा पंप निवडतो आणि त्याला कुणी अडवत नाही. तो पंप पुढे पंधरा वर्षं रोज वीज खाणार असतो.

आता कूलरचं उदाहरण सांगतो. माझ्या हाताखालून गेलेलं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सायक्रोमेट्री, म्हणजे हवेतल्या ओलाव्याचं आणि उष्णतेचं गणित, हा थर्मलमधला रटाळ समजला जाणारा धडा. पुस्तकातलं गणित कुठल्याशा थंड देशातल्या सभागृहाचं असतं. आम्ही त्याजागी नवतपा घेतला, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस. दुपारचं तापमान ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के. चार्टवर ओल्या बल्बचं तापमान (पाणी उडवून हवा जास्तीत जास्त जितकी गार होऊ शकते ते) साधारण २३ अंश निघतं. ताटी (कूलरची गवताची जाळी) चांगली भिजलेली असेल आणि कूलरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा २७ अंशांच्या आसपास यायला हवी. इथवर मुलं खूश असतात. मग पुढचा प्रश्न द्यायचा: तासाला ३,००० घनमीटर हवा टाकणारा कूलर हे करताना किती पाणी उडवतो? उत्तर तासाला वीस लिटरच्या वर जातं. बारा ते पाच चालला तर शंभर लिटर. ज्या घरात नळ सकाळी तासभर येतो त्या घरात हे शंभर लिटर कुठून येतात, हा प्रश्न मग मुलंच विचारतात.

तो प्रश्न घेऊन आम्ही कॉलेजमागच्या वस्तीत गेलो. सोबत स्लिंग सायक्रोमीटर (हवेत फिरवायचे ओल्या आणि कोरड्या बल्बचे दोन थर्मामीटर), इन्फ्रारेड थर्मामीटर आणि वही. एका काकूंनी पहिल्याच घरात विचारलं, “सर, कूलरले पाणी देऊ का लेकराईले आंघोळ घालू?” दुसरी गोष्ट तिथंच दिसली. झळा येतात म्हणून खिडकी बंद, दार ओढलेलं, आणि कूलर खोलीत स्टुलावर. म्हणजे तो खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा ओली करत होता. तासाभरात आर्द्रता इतकी चढते की ओल्या आणि कोरड्या बल्बमधलं अंतर मिटत येतं, आणि मग पाणी कितीही ओता, गारवा मिळत नाही, नुसता चिकचिकाट होतो. मुलांनी दोन्ही बल्बचे आकडे दर पंधरा मिनिटांनी घेतले आणि आलेखाची रेघ सपाट होताना स्वतः पाहिली. उपाय बिनपैशाचा: कूलर खिडकीत किंवा दारात, तोंड आत, आणि समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला वाट. बाहेरची कोरडी हवा आत आली पाहिजे, तरच ताटीचा उपयोग.

छताचंही तसंच. टिनाचा पत्रा मे महिन्यात दुपारी साठ अंशांच्या पुढे जातो आणि खाली बसलेल्या माणसाला भट्टीसारखा शेकतो. त्यावर पांढरा चुना मारला तर फरक डोक्याला जाणवतो, यंत्र लागत नाही. चुन्यात थोडा फेविकॉल घातला तर तो धरून राहतो. तरी पावसात धुऊन जातो, म्हणून दरवर्षी होळीच्या सुमारास पुन्हा मारावा लागतो. इथे एक अडचण आली जी कुठल्याही पुस्तकात नाही: निम्मी घरं भाड्याची, आणि पत्रा घरमालकाचा. मग मालकांशी बोलायचं काम मुलांचं. माझ्या मते त्या सत्रातलं तेच सगळ्यात मोलाचं शिक्षण होतं.

मोजलेलं सगळं आम्ही एका पानावर मराठीत मांडलं, चित्रं काढली आणि संध्याकाळी बुद्ध विहारात बसून वाचून दाखवलं. तिथे बायकांनी विचारलं, पाण्याचं झालं, लाइट बिलाचं काय? तो पुढच्या बॅचचा प्रकल्प झाला. विषय वस्तीने दिला की मुलांना प्रोजेक्टसाठी इंटरनेट धुंडाळावं लागत नाही.

इलेक्ट्रिकलच्या सहकाऱ्यांना हे अजून सोपं आहे, कारण आपली वीज कुठून येते ते इथे गच्चीवरून दिसतं. कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची धुराडी. एका युनिटमागे साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो आणि आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी मोटरचा पंखा तीसच्या आसपास. एका वर्गखोलीत किती पंखे, दिवसाला किती तास, वर्षाला किती युनिट, त्याचा कोळसा किती आणि राख किती, इतकं मुलांकडून काढून घ्या. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि ती राख आसपासच्या शेतांत, नाल्यांत गेली, हे याच गणिताचं शेवटचं पान आहे. तुमच्या काँक्रीटच्या प्रयोगशाळेत तीच राख सिमेंटच्या जागी किती टक्के चालते आणि ताकद किती दिवसांनी येते, हे घनांवर तपासता येतं.

तुम्ही सिव्हिलच्या आहात, म्हणजे तुमच्याकडे सगळ्यात जास्त माल आहे. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट तुमच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. काही जणांच्या घरातच पाणी शिरलं असेल. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि अंबाझरी ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंत पाणी. रॅशनल मेथड, म्हणजे पावसाचं किती पाणी वाहून जाईल ते काढायची रीत, शिकवताना हाच पाऊस घ्या. एक हेक्टर पार्किंगवर शंभर मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर. फरसबंदी असेल तर त्यातलं नव्वद टक्के नाल्याकडे धावतं. आपल्या कॉलेजच्या गेटमधून ते नेमकं कुठे जातं, कुणाच्या दारात, हे पावसात छत्री घेऊन चालत जाऊन शोधायला लावा.

आणि इथे एक सावधगिरी. पावसाचं पाणी जमिनीत जिरवायच्या शोषखड्ड्याचं पुस्तकी डिझाइन नागपुरात सरसकट चालत नाही. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी आत घेणं जवळपास बंद करते. शहराच्या पश्चिमेला खाली बेसाल्ट, पूर्वेला ‘नाइस’ (gneiss) नावाचा जुना पट्टेदार खडक, त्यामुळे एका बाजूला चाललेला खड्डा दुसऱ्या बाजूला चालेलच असं नाही. मुरूम किंवा भेगाळ खडकापर्यंत जायला हवं, आणि त्याआधी पाझर चाचणी घ्यायला हवी. जिथे तिथे खड्डे खणून पाटी लावणं म्हणजे मुलांना चुकीचं शिकवणं, हे मी ठामपणे सांगतो.

बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते ते मोजायची, प्रॅक्टिकलं नळाच्या पाण्यावर करू नका. नाग नदी शहराच्या मधून वाहते. अंबाझरीच्या सांडव्याजवळ, मोक्षधामपाशी आणि पारडीकडे असे नमुने घ्या. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन कसा उतरत जातो ते टायट्रेशनच्या रंगातच कळतं. मुलांना हातमोजे द्या, काठ निसरडा असतो. मग भांडेवाडीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राला न्या. शहराच्या सांडपाण्यातलं दिवसाला १३ कोटी लिटर तिथे शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे तेवढं गोडं पाणी वाचतं. नीरी ही पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्था १९५८ पासून आपल्याच शहरात आहे आणि वनस्पतींच्या मुळांतून सांडपाणी शुद्ध करणारं त्यांचं फायटोरिड तंत्र एखाद्या हॉस्टेलला सहज झेपेल असं आहे. हॉस्टेलचं सांडपाणी किती, त्याला जागा किती लागेल, ते पाणी बागेला पुरेल का, हा अंतिम वर्षाचा सरळ, पूर्ण होणारा प्रकल्प आहे.

प्राचार्य विचारतील, हे अभ्यासक्रमात कुठे बसतं? इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशोदेशी मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा (Washington Accord) भारत २०१४ मध्ये कायम सदस्य झाला, आणि अभ्यासक्रमांना मानांकन देणारी एनबीए मुलांना शेवटी काय यायला हवं याची जी यादी तपासते तीत पर्यावरण आणि समाज यांची जबाबदारी लिहिलेलीच आहे. बहुतेक कॉलेजं तिथे वृक्षारोपणाचे फोटो जोडतात. तुम्ही मोजमापाच्या वह्या जोडा. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना क्रेडिट मिळतंय आणि केंद्र सरकारच्या उन्नत भारत अभियानात कॉलेजं गावं दत्तक घेतातच, त्यामुळे कागदाची अडचण आता फारशी उरलेली नाही.

वस्तीचं मात्र नीट सांभाळावं लागतं. दरवर्षी नवी वस्ती घेऊ नका. एकच धरा, आणि एका बॅचची वही पुढच्या बॅचला हातात द्या. पहिल्या भेटीत प्रश्नावली काढू नका. तिथल्या आशाताईंना, बचत गटाच्या बायकांना, घंटागाडीवरच्या माणसाला आधी भेटा, त्यांना अडचणींची खरी जागा माहीत असते. माहिती गोळा करून गायब होणाऱ्या कॉलेजांचा लोकांना कंटाळा आलेला आहे, तो त्यांच्या बोलण्यात पहिल्या दोन मिनिटांत कळतो. ज्यांना गावाकडे काम करायचंय अशी मुलं वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसला एकदा तरी न्या; १९७६ पासून ते हेच करत आले आहेत, आणि नागपूरहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. कापूस पिकवणाऱ्या घरातली मुलं तुमच्या वर्गात असतीलच. वेचणी संपल्यावर पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या उरलेल्या काड्यांचं, काय करता, एवढंच त्यांना विचारून बघा. त्या एका प्रश्नातून जळणाच्या दाबलेल्या कांड्या (ब्रिकेट), पार्टिकल बोर्ड, कंपोस्ट असे कितीतरी प्रकल्प निघतात.

पहिल्या सत्रात एवढंच करा: तुमच्या एका विषयातली तीन गणितं बदला, एक प्रॅक्टिकल नदीवर न्या, आणि एक वस्ती ठरवा. मोजणी मार्चच्या शेवटी उरका, नंतर परीक्षा येतात आणि उन्हात मुलांना फिरवणं धोक्याचं होतं. अंतर्गत गुणांतला ठळक वाटा या कामाला ठेवा, नाहीतर पहिल्या चाचणीनंतर मुलं सोडून देतील. आणि जमलं तर तोंडी परीक्षेचा एक भाग वस्तीतच घ्या, विहारात किंवा समाज मंदिरात, जिथे प्रश्न विचारायला तुमच्या शेजारी तिथलीच दोन माणसं बसलेली असतील.