शिव्या खायची तालीम

पोरी, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. वसतिगृहाच्या भत्त्यासाठी तुम्ही निवेदन घेऊन साहेबाच्या कार्यालयात गेलात, तिथल्या कुणीतरी जातीवरून टोमणा मारला, तुमच्यातल्या एकाने खुर्ची फेकली. दुसऱ्या दिवशी पेपरात भत्त्याचं नावही नाही, खुर्ची मात्र फोटोसकट. आणि तू मला विचारतेस, माझ्यात नेतृत्वगुणच नाहीत का? ते राहू दे बाजूला. तिथे कुणी असं बोललंच तर काय करायचं, हे आत शिरण्याआधी तुमचं ठरलं होतं का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

आपल्या नागपूरच्या टेम्पल रोडवरच्या हिस्लॉप कॉलेजवरून तू रोज जातेस. १९५३ साली तिथे जेम्स लॉसन नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण मिशनरी म्हणून आले. कोरियन युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीला नकार दिला म्हणून वर्षभराहून जास्त तुरुंगात राहून आलेले. कॉलेजात मुलांचे खेळ घ्यायचे. डिसेंबर १९५५मध्ये त्यांनी 'नागपूर टाइम्स'मध्ये वाचलं की तिकडे अमेरिकेत माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी रंगभेदाविरुद्ध बसवर बहिष्कार टाकलाय, आणि ते आनंदाने ओरडलेच. १९५६ला परत गेले, पुढच्या वर्षी त्या बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांची गाठ पडली. दोघेही २८ वर्षांचे. शिक्षण संपायची वाट बघू नका, आत्ताच दक्षिणेत या, असं किंग यांनी सांगितलं. १९५८ला लॉसन टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला गेले.

ते भारतात आले होते गांधींचा मार्ग अभ्यासायला. हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. आपल्या वस्तीत पडतेच, आणि पुणे करार मीही विसरलेलो नाही. तुला महाडच जवळचं वाटत असेल तर तेच घे. २० मार्च १९२७ला तळ्याचं पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या माणसांवर काठ्या पडल्या, तेव्हा उलट हात उचलू नका हे सांगणारे बाबासाहेबच होते. लॉसन यांच्याकडून मला घ्यायचंय ते वेगळंच, त्यांची तयारी.

नॅशव्हिलच्या बाजारात कृष्णवर्णीय बाईने कापड घ्यावं, भांडी घ्यावीत, पैसे मोजावेत, सगळं चालायचं. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर तिला बसता येत नव्हतं. पोराला भूक लागली, लघवीला लागली तरी त्याला तसंच ओढत घरी न्यायचं. लढा कशावर घ्यायचा हे लॉसन यांनी घरी बसून ठरवलं नाही. सभेत बायका हे बोलल्या, तिथून काउंटरचा विषय निघाला. तुमचा भत्त्याचा मुद्दा कुणी काढला? मुलींच्या वसतिगृहात विचारलंत का? त्यांचा अडलेला प्रश्न वेगळाच निघायचा.

मग एका चर्चच्या तळघरात वर्ग सुरू झाले. एकाने खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी गोऱ्या गुंडांची सोंगं घ्यायची. केस ओढायचे, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली पाडायचं आणि रस्त्यावर ऐकू येतात त्या शिव्या जशाच्या तशा द्यायच्या. मार पडू लागला तर अंग कसं आखडून घ्यायचं, डोकं कसं झाकायचं, हेही शिकवायचे. आखाड्यात पोरं रोज माती अंगाला लावतात तसंच हे. एखाद्याला राग आवरत नसेल तर त्याला काउंटरवर धाडायचं नाही, दुसरं काम द्यायचं. तुमच्या त्या खुर्चीवाल्या पोराला हाकलू नका. त्याला निवेदनं लिहायला, माणसं जमवायला लावा. आत जाणाऱ्यांत तो नको, एवढंच.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९५९मध्ये त्यांनी दोन दुकानांत नुसती चाचपणी केली. बसले, नकार मिळाला, कारण विचारलं, शांतपणे उठून आले. १३ फेब्रुवारी १९६०ला खरी सुरुवात झाली. विद्यार्थ्यांसाठी नियमांचा कागद केला होता. उलट मारू नका, शिवी देऊ नका. मोठ्याने हसू नका. दुकानातल्या नोकरांशी गप्पा मारू नका. ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. 'मोठ्याने हसू नका' हे कुणाला सुचलं असेल? ज्याने आधी बसून पाहिलंय त्यालाच. घाबरलेली पोरं उगाच हसतात.

२७ फेब्रुवारीला गुंड तुटून पडले. अटक झाली ती मार खाणाऱ्यांना, ८१ जणांना. एक तुकडी पोलिसांनी नेली की दुसरी येऊन त्याच स्टुलांवर बसायची. त्याच दिवसांतली ही गोष्ट. एका पोराला मारहाण चालली होती म्हणून लॉसन मध्ये गेले, तर टोळीतला एकजण त्यांच्यावर थुंकला. लॉसन यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. तो इतका गोंधळला की त्याने काढून दिला! तोंड पुसून लॉसन यांनी त्याच्याशी मोटरसायकलच्या गप्पा काढल्या, तोवर मार खाणारा पोरगा निसटला.

३ मार्चला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकलं. ते तिथे धर्मशास्त्र शिकत होते. आंदोलन थांबायला हवं होतं, थांबलं नाही. निर्णय विद्यार्थ्यांची समिती घेत होती आणि तिच्या पुढे होती डायान नॅश, २१ वर्षांची, शिकागोहून शिकायला आलेली. सुरुवातीला तिचा या मार्गावर विश्वासही नव्हता. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचा खटला लढवणाऱ्या वकिलाच्या घरावर बॉम्ब पडला. त्याच दिवशी हजारो माणसं एक शब्द न बोलता सिटी हॉलवर चालत गेली. नॅशने महापौर बेन वेस्ट यांना विचारलं, माणसाच्या रंगावरून भेद करणं चूक आहे असं तुम्हाला स्वतःला वाटतं का? ते हो म्हणाले. ईस्टरच्या खरेदीवरच्या बहिष्काराने व्यापारी आधीच रडकुंडीला आले होते. १० मेपासून काउंटर खुले होऊ लागले. पुढच्या वर्षी फ्रीडम राइडच्या, म्हणजे बसप्रवासातला रंगभेद मोडायला काळ्या-गोऱ्यांनी एकत्र काढलेल्या यात्रेच्या, बसवर हल्ले होऊन ती यात्रा मोडायला आली, तेव्हा नवी तुकडी पाठवली ती याच नॅशने.

आता दुसरी बाजू, कारण तुला नुसती आरती ऐकवायची नाही. १९६८ला लॉसन टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात पाद्री होते. कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मेले आणि सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केलं. 'मी माणूस आहे' असे फलक गळ्यात. लॉसन संपसमितीचे प्रमुख. किंग यांना त्यांनीच बोलावलं. २८ मार्चचा मोर्चा मात्र हाताबाहेर गेला. मागून काचा फुटू लागल्या, लॉसन यांना भोंग्यावरून सगळ्यांना मागे फिरा म्हणावं लागलं. त्या दिवशी १६ वर्षांचा एक मुलगा पोलिसांच्या गोळीने मेला. आणि ४ एप्रिलला किंग यांचा खून झाला. संप १६ एप्रिलला मिटला, युनियनला मान्यता मिळाली. पण मला त्या २८ मार्चचं वाटतं ते असं की काचा फोडणारी पोरं तसल्या कुठल्या तळघरात बसलेली नव्हती. माणूस तोच, अनुभव आठ वर्षांनी वाढलेला, तरी मोर्चा फुटला. तेव्हा तुमचा फुटला म्हणून रडत बसू नकोस.

लॉसन जून २०२४मध्ये वारले, ९५ वर्षांचे होऊन. लॉस एंजेलिसमध्ये म्हातारपणीसुद्धा हॉटेल कामगारांना हेच शिकवत होते. काढून टाकणाऱ्या व्हँडरबिल्टने २००६ला त्यांना शिकवायला बोलावलं, आणि ते गेलेही.

तुमचं पुढचं निवेदन कधी आहे ते कळव. त्याआधी दोन रविवार तरी सरावाला काढा, समाजभवनाची किल्ली मी मागून ठेवतो. कोण बोलणार, कोण लिहून घेणार, कोण मोबाइलवर चित्रण करणार आणि तुला बाहेर काढलं तर तुझ्या जागी कोण बोलेल, ही नावं आधी ठरवून आण. टेबलामागच्या साहेबाचं काम मी करतो. ३० वर्षं ऐकून घेतलंय, सगळे टोमणे तोंडपाठ आहेत. फक्त चहा तुमच्याकडून.

तुझा,
काका