गाडीच्या टाकीतला पंप घरी बदलता येईल का?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात राहता, गाडी दहा वर्षांची, पेट्रोलची, मागाहून सीएनजी किट बसवलेलं. आठवडाभर सकाळी सेल मारला की इंजिन फिरतं पण उचलत नाही. गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "पंप गयो छे." तर हा पंप घरी बदलता येईल का?

येईल. मी दांडिया बाजारात आमच्या वाड्यापुढे दोनदा बदललाय. मात्र त्यातल्या पहिल्या वेळी तो बदलायची गरजच नव्हती, म्हणून आधी त्याबद्दल लिहितो. मी मेकॅनिक नाही. बँकेतून निवृत्त झालेला, हाताला चैन नसलेला माणूस आहे, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

(आमच्या सौ.ला फोनवर "पेट्रोल पंप बदलायचाय" म्हटलं, तर ती म्हणाली, "का, अकोट्याच्या पंपावर मापात मारतात का?" म्हणून इथे पंप म्हणजे इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा, टाकीतला पंप, एवढं ठरवून घेऊ.)

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत हा पंप इंजिनाला चिकटलेला असायचा, कॅमशाफ्टच्या धक्क्याने हलायचा आणि दोन बोल्ट काढले की हातात यायचा. इंजेक्शनवाल्या गाडीत तो विजेवर चालतो आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडून बसतो. दाब साधारण ३ ते ४ बार. टायरमध्ये आपण ३०-३२ पीएसआय हवा भरतो, इथे त्याच मापाने ४५च्या आसपास किंवा वर दाब असतो. या दाबाचं पेट्रोल डोळ्यांत उडालं तर काय होईल, ते सांगायला नको.

आता पंप खरंच गेला आहे का, ते बघा. गाडीतला पंखा, टेप सगळं बंद करा, मागच्या सीटवर कुणालातरी बसवा आणि किल्ली फक्त ऑनपर्यंत फिरवा, सेल मारू नका. सीटखालून दोन-एक सेकंद "घुंऽऽ" असा बारीक आवाज यायला हवा. आला, तर पंप निदान फिरतो आहे; मग फिल्टर तुंबलेला असेल, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर असतील किंवा स्पार्क असेल. आवाज नाही आला, तरी लगेच पंपाला दोष देऊ नका. फ्यूज बघा. मग रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारी छोटी डबी, बघा. फ्यूजच्या डब्यात त्याच नंबरचा दुसरा रिले असतो (बहुधा हॉर्नचा), तो काढून पंपाच्या जागी लावून बघा. इमोबिलायझरचा (खरी किल्ली ओळखणाऱ्या चोरीरोधक यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल, तर कित्येक गाड्यांत पंपाला करंटच जात नाही. गाडीला नुकताच कुठे ठोका बसला असेल, तर काही गाड्यांत पेट्रोल तोडणारा एक स्विच असतो, तो दाबून पूर्ववत करावा लागतो. जुन्या मिस्त्री लोकांची आणखी एक युक्ती आहे: एकाने सेल मारायचा आणि दुसऱ्याने टाकीला खालून रबरी हातोडीने हळूच ठोकायचं. तेवढ्याने गाडी उचलली, तर पंपाच्या मोटरला आतून करंट पोचवणारे कार्बन झिजलेत आणि मग शंका उरत नाही.

माझं पहिल्या वेळी झालं ते असं. एका ओळखीच्या मिस्त्रीने "पंपच" म्हणून सांगितलं, मी नवा आणला, बसवला, गाडी सुरू. मी घरभर मिरवलो. आठव्या दिवशी मांडवीपाशी, भर गर्दीत, पुन्हा तेच. सीट उचलून कपलर (पंपाच्या वायरींचा जोड) ओढला तेव्हा एक पिन काळी पडलेली आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक मेणासारखं वितळून बसलेलं दिसलं. पहिल्या वेळीही ते तसंच असणार. मी बघितलं नव्हतं, नुसता कपलर काढला आणि लावला. पंप पाच-सहा अँपिअर ओढतो. पिन सैल झाली, गंजली की तिथे तापते, व्होल्टेज पडतं आणि मीटर लावला तर १२ व्होल्ट दाखवतो! कारण मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. म्हणून मी आता मीटरवर विश्वास ठेवत नाही, इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब दोन वायरींना जोडून कपलरवर लावतो. बल्ब लख्ख पेटला तर लाइन बरी, मिणमिणला तर पंपाचे पैसे वाचले. हे सगळं पेट्रोलची एकही जोडणी सोडायच्या आधी, सगळे दरवाजे उघडे ठेवून करायचं. सीट उचलल्यावर पेट्रोलचा वास येत असेल तर बल्बही नको.

पंप खरंच गेला असेल, तर तुमच्या बाबतीत का गेला, याचा मला दाट संशय आहे. आपल्याकडे सीएनजी असला की लोक टाकीत शंभर-दोनशेचं पेट्रोल टाकतात आणि काटा कायम रिझर्व्हवर. या पंपाची मोटर गार राहते ती भोवतालच्या आणि तिच्यातून वाहणाऱ्या पेट्रोलमुळेच. आणि मागाहून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये गाडी गॅसवर चालत असतानाही पंप फिरतच असतो, फक्त इंजेक्टर बंद केलेले असतात. म्हणजे तुम्ही आणंदपर्यंत गॅसवर जाऊन येता आणि बिचारा पंप सगळा वेळ तळाशी उरलेल्या चार थेंबांत भाजत असतो. त्यात ते पेट्रोल महिनोन्‌महिने पडून चिकट होतं. नवा पंप घालून सवय तीच ठेवलीत, तर पुढच्या वर्षी पुन्हा प्रश्न विचाराल. टाकीत निदान पाव टाकी पेट्रोल ठेवा आणि आठवड्यातून दोन-तीनदा गाडी थोडी पेट्रोलवर चालवा.

दुसरं कारण पाणी. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तुमची गाडी पाण्यात होती का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. समा भागात आमचे एक भाचेजावई राहतात, त्यांच्या गाडीत सीटपर्यंत पाणी चढलं होतं. गाडी वाळवली, धुतली, सुरूही झाली आणि दोन महिन्यांनी पंप गेला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते थोडं पाणी पोटात घेतं, पण प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळा थर तळाला बसतो आणि पंपाची जाळी नेमकी तळालाच असते. टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून साफ केल्याशिवाय नवा पंप आत सोडू नका.

आता वाफेबद्दल, आणि हे घाईने वाचू नका. कोयलीची रिफायनरी १९६५पासून आपल्या उशाशी आहे, पण म्हणून पेट्रोल ओळखीचं होत नाही. उणे ४० अंश सेल्सिअसलासुद्धा ते पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ मिसळली तरी भडका उडू शकतो. ही वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड असल्यामुळे ती वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी पसरत जाते. आमच्या वाड्याचा चौक तिन्ही बाजूंनी बंद. मी संध्याकाळी तिथेच काम काढणार होतो. पाना लावलाच होता तेवढ्यात आई वृंदावनाशी दिवा लावायला आली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "वास येतोय, मी दिवा लावू का नको, ते आधी सांग." गाडीपासून वृंदावन बारा पावलांवर, आणि चौकाचा उतार तिकडेच. मी पाना खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शेजारच्या दोघांना घेऊन गाडी ढकलत रस्त्याकडेला आणली आणि तिथे काम केलं.

तेव्हा जागा उघडी हवी, वेळ सकाळची (मे महिन्यात दुपारी बडोद्यात टाकी उघडणं हा वेडेपणा आहे), जवळ विडी-सिगारेट, शेगडी, चालू पंखा, ड्रिल, फोन काही नको. उजेडाला पिवळा बल्ब टांगू नका. कपडे सुती घाला आणि टाकीला हात लावण्याआधी गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर ती पाण्यावर तरंगत पसरते. आणि एकट्याने करू नका. सीएनजी बाटलीचा डिकीतला व्हॉल्व्ह हाताने बंद करा. गॅसच्या नळ्यांना अजिबात हात लावू नका.

प्रत्यक्ष काम त्यामानाने छोटं आहे. टाकीत पाव टाकीपेक्षा कमी पेट्रोल असू द्या. जास्त असेल तर हातपंपाने धातूच्या कॅनमध्ये काढा. नळीने तोंडाने ओढू नका. एक घोट फुप्फुसात गेला तर थेट दवाखाना. टाकीचं झाकण सैल करा. पंपाचा फ्यूज काढून चार-पाच वेळा सेल मारा, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मागची सीट उचला, बहुतेक गाड्यांत ती पुढच्या कडेला दोन बोल्टवर किंवा क्लिपवर असते. खाली पत्र्याचं गोल झाकण दिसेल. ते उघडण्याआधी आणि उघडल्यावर ब्रशने आणि ओल्या फडक्याने सगळी माती पुसून घ्या. आपल्या रस्त्यांची वीस हजार किलोमीटरची धूळ तिथे बसलेली असते आणि पंप धरून ठेवणारी रिंग निघाली की ती सरळ टाकीत पडते.

कपलर काढा. नळीच्या जोडावर फडकं गुंडाळून दोन्ही बाजूंच्या कळा दाबा आणि ओढा, थोडं पेट्रोल येईलच. ती प्लॅस्टिकची कळ थंडीत किंवा जुनेपणाने तुटते, तेव्हा पकडीने चिरडू नका. मोठी लॉक रिंग फिरवायला लाकडाचा तुकडा आणि लाकडी हातोडी वापरा. लोखंडी छिन्नी आणि घण नकोत, ठिणगी उडते. रिंग सुटायच्या आधी पंपावरचा बाण कुठल्या बाजूला आहे, याची खडूने खूण करा. मग सबंध जुडगं वर घ्या, पण सरळ ओढू नका. बाजूला पेट्रोल मोजणाऱ्या तरंगत्या गोळ्याची बारीक दांडी असते, ती वाकली की नंतर काटा जन्मभर खोटं बोलतो. तिरकं करून, पेट्रोल निथळू देऊन बाहेर काढा. खाली परात धरा. (आईची जुनी पितळी परात घेतली होती. नवी घेऊन दिली.)

जुन्यातली जाळी बघा. काळी, चिकट, गंजाच्या कणांनी भरलेली असेल तर टाकीचा तळ आतून पुसायलाच हवा. फक्त मोटर बदलायची की पूर्ण असेंब्ली, हे ज्याचं त्याने ठरवावं. मोटर स्वस्त पडते, पण आतल्या प्लॅस्टिकच्या कड्या उघडताना तुटतात आणि दाब सांभाळणारा जुना प्रेशर रेग्युलेटर तसाच राहतो. मी दुसऱ्या वेळी पूर्ण असेंब्ली घेतली. रिंगखालचं रबरी सील मात्र नवंच घाला. जुनं सील पेट्रोल पिऊन फुगलेलं असतं, पुन्हा खाचेत बसत नाही.

बसवून झालं की सीट लगेच लावू नका. बॅटरी जोडा, फ्यूज लावा, किल्ली चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबा. लाइनमध्ये दाब भरतो. जोडावर बोट फिरवून ओलं लागतं का बघा, मगच सेल मारा. सील नीट बसलंय का, हे मात्र तेव्हा कळत नाही, कारण ते टाकीच्या माथ्यावर असतं. ते कळतं टाकी पूर्ण भरल्यावर, वळणावर किंवा करकचून ब्रेक मारल्यावर. मी गाडी मागची सीट न लावता, काचा उघड्या ठेवून भरून आणली, दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा वाकून वास घेतला आणि मग सीट लावली.

सीटखाली झाकणच नसेल आणि टाकी खाली उतरवावी लागत असेल, तर हे काम घरी करू नका. जॅकवर उभ्या गाडीखाली झोपून छातीवर पेट्रोलची टाकी घेणं मला मान्य नाही. पत्रा कापून नवं भोक पाडायला सांगणारेही भेटतील, त्यांचं तर ऐकूच नका. तोवर गाडी गॅरेजपर्यंत न्यायची झाली, तर बऱ्याच किटमध्ये गॅस-पेट्रोलचा स्विच दाबून धरून सरळ गॅसवर सुरू करायची सोय असते. किटच्या पुस्तकात बघा.

उद्या सकाळी आधी किल्लीचा आवाज ऐका, रिले अदलून बघा आणि कपलरच्या पिनेचा रंग इथे लिहा. पंप त्यानंतर घ्या.